रागानं वाचवलेला दात

माझा वरचा समोरचा दात आलापल्लीच्या पुढं, एटापल्लीच्या रस्त्यावर पडला. मी बसची कंडक्टर. भर दुपार होती, दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल, आणि मी मधल्या वाटेत उभी राहून तिकिटं देत होते. अचानक रानडुकरांचा कळप रस्त्यावर आला. ड्रायव्हरभाऊनं करकचून ब्रेक मारला आणि माझं तोंड सीटच्या लोखंडी दांडीवर आदळलं. डुकरं वाचली, प्रवासीही वाचले. एका म्हातारीनं सीटखाली हात घालून दात शोधून काढला, पदराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घे बाई, तुहा आहे."

मी तो खिशात टाकला, तोंडाला रुमाल लावला आणि उरलेल्यांची तिकिटं पुरी केली. एटापल्लीला उतरून आरशात पाहिलं तेव्हा पहिल्यांदा रडू आलं.

गडचिरोलीत मला काढता-घालता दात मिळाला. प्लास्टिकचा टाळू आणि त्याला चिकटलेला एक दात. कंडक्टरच्या तोंडाला दिवसभर काम असतं. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली ओरडायचं, मागच्यांना पुढं सरकायला सांगायचं, दारात लटकणाऱ्यांना दम भरायचा. तो दात प्रत्येक शब्दाला हलायचा. मग आलापल्लीच्या स्टँडवर जे व्हायचं ते झालं. गाडी मागं घ्यायची होती, मी खाली उतरून शिट्टी फुंकत होते. जोरात फुंकली तशी शिट्टीबरोबर टाळूही बाहेर आला आणि मागच्या चाकाखाली गेला. ड्रायव्हरभाऊला शिट्टी बंद झाल्याचं कळेपर्यंत त्याचा चुरा झाला होता. सगळा स्टँड हसला. मीही हसले. पण घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, आता तोंडात जे बसेल ते हाडात बसेल. मला इम्प्लांट पाहिजे.

नवरा राईस मिलमध्ये काम करतो. माणूस वाईट नाही, पण बोलताना त्याला ब्रेक नाही.

"चाळिशी पार केली तू. आता तुले कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो," मी म्हटलं. "रोज सकाळी, आरशात."

आमच्याकडे बायकाही 'मी पाहतो, मी जातो' असंच म्हणतात. चंद्रपूरच्या ज्या मोठ्या डॉक्टरांकडं मी गेले ते पश्चिम महाराष्ट्रातून आलेले. त्यांना माझ्या या 'जातो-येतो'चं फार हसू यायचं. हात मात्र त्यांचा चांगला. हाडात स्क्रू बसवला, काही महिने हाड धरायची वाट पाहिली, मग वर पांढरा दात चढवला. तो इतका माझा दिसायचा की शेजारचा खरा दातच खोटा वाटायचा.

त्या वेळी दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात विचारलं होतं, तंबाखू खाता का? मी लिहिलं, नाही.

हे खोटं होतं. मी खर्रा खायची. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एकत्र घोटतात, त्याला आमच्याकडं खर्रा म्हणतात. आमच्या जिल्ह्यात दोन माणसं भेटली की राम राम नंतर होतो, खर्रा आधी निघतो. नोकरीला लागले तेव्हा त्या गाड्यांवर मी एकटीच बाई. पहिल्या आठवड्यात एका ड्रायव्हरनं सगळ्यांना खर्रा दिला आणि माझ्यापाशी येऊन हात मागं घेतला. "बाईमान्साले कायले," म्हणाला. मी त्याच्या हातातून चिमूट उचलली आणि सगळ्यांसमोर गालात टाकली. डोकं गरगरलं, पोटातलं वर आलं, पण थुंकले नाही. त्या दिवशी मला वाटलं, मी जिंकले. पुढं बारा-तेरा वर्षं त्या जिंकण्याच्या पुड्या मी रोज विकत घेत राहिले.

नवा दात दोन वर्षं छान चालला. माझं माहेर ब्रह्मपुरीजवळचं, तळ्यात जाळं टाकणाऱ्यांचं. आईकडं गेले की भाजलेले मासे मी समोरच्या दातांनी तोडून खायची, मुद्दाम, नवऱ्याकडं पाहत. मग एका सकाळी ब्रशवर रक्त दिसलं. दोन दिवसांत थांबेल म्हणून सोडून दिलं. थांबलं नाही. दाताच्या वरची हिरडी लाल झाली, मग सुजली, बोट दाबलं की दुखायची. तोंडाला गंजलेल्या खिळ्यासारखी चव. नवरा एकदाच म्हणाला, "तोंडाचा वास येऊन राह्यला," आणि मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना तोंड वळवायला लागले.

तरी चंद्रपूरला जायला मी तीन महिने लावले. दाताला काही झालं हे कबूल करणं म्हणजे नवऱ्याचं बरोबर होतं असं कबूल करणं, असं मला वाटत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी बारीक सळईनं स्क्रूभोवती मोजलं. जिथं टेकवली तिथून रक्त आलं. एक्स-रेचा फोटो काढला. "हिरडी सुजली आहे आणि आत थोडं हाडही झिजलं आहे," ते म्हणाले. "अशीच सूज राहिली तर स्क्रू काढावा लागेल."

"मी नाई काढत," मी म्हटलं.

ते दुसऱ्या पेशंटकडं गेले आणि मला त्यांच्या हाताखालच्या धाकट्या डॉक्टरणीकडं सोपवलं. ही मूल गावाकडची पोरगी, आमच्याच बोलीतली. तिनं हिरडी बधिर करून स्क्रूच्या आजूबाजूचं सगळं खरवडून साफ केलं. मग बाटली घासायच्या ब्रशसारखा, पण काडीएवढा एक ब्रश माझ्या हातात दिला आणि आरसा धरून दाताच्या दोन्ही कडांनी तो कसा फिरवायचा ते शिकवलं. मला जमेना. तिनं चार वेळा करून घेतलं.

"हे रोज. दोन वेळा. कंटाळा आला तरी."

"औषध काई नाई का?"

तिनं चिठ्ठीचा कागद पुढं ओढला. "एक गोळी असते. चघळायची. त्यात चांगले जंतू असतात. तोंडातल्या वाईट जंतूंना ते जागा धरू देत नाहीत, असा विचार आहे त्यामागं. पण बाई, मी खात्री नाई देत. कोनाले फरक पडल्यासारखा वाटते, कोनाले काईच नाई. सफाईला जोड म्हणून घ्यायची तर घ्या. सफाईच्या बदली नाई."

एवढ्या बोलण्यातून माझ्या कानात दोनच शब्द राहिले. चांगले जंतू. परतीच्या गाडीत मी मनात हिशोब मांडून टाकला होता. गोळी चांगले जंतू सोडणार, ते वाईट जंतूंशी भांडणार, आणि माझा खर्रा बाजूला बसून मजा पाहणार.

गडचिरोलीच्या औषधवाल्यानं चिठ्ठी पाहिली आणि हगवणीवर देतात तसल्या कॅप्सूल पुढं केल्या. "यातबी चांगले जंतूच आहेत, बाई."

"मले तोंडात पाह्यजेत, पोटात नाई."

"तोंडातूनच जातेत नं पोटात."

मी तशाच घेऊन आले आणि आठवडाभर गिळल्या. पोट काही बिघडलं नाही, हिरडीही काही सुधारली नाही. मग डॉक्टरणीला फोन केला तेव्हा ती इतकी हसली की मला राग आला. गोळी वेगळी होती, नागपूरहून मागवावी लागली. ब्रश झाल्यावर तोंडात ठेवून हळूहळू विरघळू द्यायची, वरून पाणी प्यायचं नाही. आणि थंड जागी ठेवायची. बसमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत थंड जागा कुठली? मी डबी ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या बाटलीला बांधायची.

आईला हे सगळं कळलं तेव्हा ती हसलीच. "आंबिलीत जंतू नाईत का? जलमभर आंबील पिऊन राह्यलो आम्ही. त्यात काऊन नाई पाहात कोनी?"

मी हे डॉक्टरणीला विचारलं. ती म्हणाली, आंबील प्या, चांगलीच आहे, पण ती घोटाघोटानं पोटात जाते. हिरडीपाशी थांबून काम करेल असं सांगता येत नाही. आईला हे उत्तर अजिबात पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

पहिला महिना झकास गेला. रक्त कमी झालं, सूज उतरली. डेपोत मी सगळ्यांना डबी दाखवली. एकीकडं डबी दाखवायची आणि दुसरीकडं खर्रा घोटायचा. ड्रायव्हरभाऊ म्हणाला, "बाई, तुह्या तोंडात तं दोन पार्ट्या आहेत. निवडणूक लागली काय?" मला ते तेव्हा फार गमतीचं वाटलं.

दुसऱ्या महिन्यात रक्त परत आलं. आधीपेक्षा जास्त.

पुन्हा चंद्रपूर. धाकटी डॉक्टरीण एकटीच होती. तिनं माझा ओठ वर केला, गाल बाजूला ओढला, बराच वेळ आत पाहत राहिली. मग आरसा खाली ठेवून, रोजच्यासारखं विचारावं तसं विचारलं, "बाई, खर्रा कोन्त्या बाजूनं ठेवता?"

"डाव्या," मी म्हटलं.

म्हटलं आणि कळलं, फॉर्मवरचं खोटं उघडं पडलं. मला इतकी लाज वाटली की लाजेचा तिथल्या तिथं राग झाला.

"खर्रा गालात ठेवतो, दात समोर आहे. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"तंबाखू रक्तात जाते, बाई. ते गाल पाहून थांबत नाई. हिरडी बरी व्हायले रक्त लागते, अन् तुमी तेच रक्त खराब करून राह्यले. अन् तो चोथा जिभेनं समोर घोळवता, ते वेगळंच."

"मंग गोळीचा काय फायदा?"

"मी आधीच सांगतलं होतं. खात्री नाई म्हणून. तुमी ऐकलं नाई, कारण तुमाले ऐकाचं नव्हतं."

तेवढ्यात मोठे डॉक्टर आत आले. तिनं त्यांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी फोटो उजेडापुढं धरला, माझं कार्ड पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. अगदी सज्जनपणे म्हणाले, "बाई, स्पष्ट सांगतो. या भागातल्या लोकांचा खर्रा सुटत नाही. मी इतकी वर्षं पाहतोय. येतात, शपथा घेतात, बाहेर पडून टपरीवर जातात. तुम्ही उगाच गोळ्यांच्या मागं लागू नका. स्क्रू काढून टाकू. पुन्हा काढता-घालता दात देतो तुम्हाला."

मी खुर्चीवरून उठले. तोंडात कापूस होता, तो काढून हातात घेतला.

"साहेब, या भागातले लोक म्हंजे कोन?"

"म्हणजे... सगळेच. तुम्हाला उद्देशून नाही."

"मलेच तर सांगून राह्यले. मी एक बाई आहे, भाग नाई. माहं नाव तुमच्या कार्डावर लिवलं आहे. जे सांगाचं ते मले सांगा, भागाले नोका सांगू. अन् स्क्रू मी काढत नाई. तो माह्या हाडात आहे."

ते हसले नाहीत. माझ्या बोलीलाही नाही. "बरं," म्हणाले. "तीन महिने. मग पुन्हा फोटो काढू."

त्या दिवशी माझ्या पर्समध्ये अर्धी पुडी होती. मूलच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा हात आपोआप पर्समध्ये गेला. पुडी बोटांना लागली. मी ती फेकली नाही. फेकणं म्हणजे तिला भिणं, असं मला वाटलं. तिथंच राहू दिली आणि पर्सची चेन लावली. कितीतरी दिवस ती तशीच माझ्याबरोबर एटापल्लीला जात-येत होती. शेवटी पर्स धुवायला काढली तेव्हा कचऱ्यात गेली.

लोक म्हणतात, व्यसन मनाच्या निश्चयानं सुटतं, देवाच्या कृपेनं सुटतं, लेकरांच्या मायेनं सुटतं. माझं रागानं सुटलं. सकाळी उठले की मला डॉक्टरांचा तो सज्जन आवाज ऐकू यायचा, 'या भागातल्या लोकांचा', आणि दिवसभराला पुरेल एवढा राग तयार व्हायचा. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकत होतं की मी आष्टीला एका बाईला खाली ठेवूनच घंटी मारली. ती गाडीमागं धावली. मी गाडी थांबवली, खाली उतरून तिची पिशवी उचलून आणली आणि हात जोडले. ती म्हणाली, "बाई, तुमची तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, बरी होऊन राह्यली.

ड्रायव्हरभाऊशी दोनदा कडाक्याचं भांडण झालं. तो माझ्यासमोर खर्रा घोटायचा, चुन्याचा वास गाडीभर. मी सांगितलं, घोटायचा तर खाली उतरून घोट. तो म्हणाला, "तू सोडला म्हून मी काऊन उतरू?" चार दिवस आम्ही फक्त घंटीनंच बोललो. पाचव्या दिवशी तो स्वतःहून खाली उतरला, झाडाखाली गेला आणि तिथून ओरडला, "पाह्य, इथीच घोटून राह्यलो. आता तं बोल." मी तोंडात जवस टाकले आणि हसले. भाजलेले जवस आणि बडीशेप. त्या तीन महिन्यांत मी एवढे जवस खाल्ले की एखाद्या बैलाचं पोट भरलं असतं.

एकदा घसरले. ब्रह्मपुरीकडं मावसबहिणीच्या पोरीचं लग्न होतं. मांडवात सगळ्या बाया बसलेल्या, पुडी हातोहात फिरत होती, आणि मी कोणाशी तरी बोलता बोलता घेतली. चव कळली तेव्हा अर्धी चावून झाली होती. थुंकले, चूळ भरली, मांडवामागं जाऊन डॉक्टरणीला फोन लावला. या वेळी खोटं बोलायचं नव्हतं.

"खाल्ला. एक."

"बरं. अन् पुढचा?"

"नाई."

"मंग लग्नात कायले फोन करता? जेवा."

काडीएवढा ब्रश मात्र एक दिवस चुकला नाही. एटापल्लीच्या मुक्कामी, नळापाशी, हातात छोटा आरसा धरून मी दाताच्या या कडेनं आणि त्या कडेनं ब्रश फिरवायची. मुक्कामाला असलेले बाकीचे ड्रायव्हर-कंडक्टर पाहायचे. एकानं विचारलं, "बाई, बंदूक साफ करून राह्यली काय?" मी म्हटलं, तसंच समज. गोळ्याही पुऱ्या केल्या. डबीवर लिहिलं होतं तेवढ्या, एकही कमी नाही. विकत घेतल्या होत्या म्हणून आणि सुरू केलं ते अर्धं सोडायचं नाही म्हणून.

तीन महिन्यांनी डॉक्टरणीनं सळई घेऊन पुन्हा मोजलं. आधी जिथं टेकवली तिथून रक्त यायचं. आता एका जागी ठिपका आला, तोही थांबून थांबून. हिरडी गुलाबी, घट्ट. फोटोत हाड जिथं होतं तिथंच, आणखी झिजलेलं नव्हतं. गेलेलं हाड परत येणार नाही, हे तिनं तेव्हाच सांगितलं.

मोठे डॉक्टर पाहायला आले. फोटो पाहिला, हिरडी पाहिली. "वा," म्हणाले. "गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या."

मला ते सहन झालं नाही. तीन महिने डोकं माझं ठणकलं, भांडणं मी केली, नळापाशी उभी मी राहिले, आणि नाव नागपूरच्या डबीचं?

"साहेब, गोळ्या पहिल्यांदाबी होत्या. तवा काऊन नाई लागल्या?"

ते डॉक्टरणीकडं वळले. ती माझी बाजू घेईल असं मला वाटलं होतं. तिनं कुणाचीच घेतली नाही. "सर, सफाईनं फरक पडला हे नक्की. खर्रा सुटला त्यानं पडला हे नक्की. गोळीनं काही केलं की नाही, ते या एका तोंडावरून मी सांगू शकत नाही. केलं असेल. नसेलही." मग माझ्याकडं पाहून, "तुमालेबी नाई सांगता येनार, बाई. कितीबी राग आला तरी."

मला तिचा राग आला, आणि त्याच वेळी ती मला फार आवडली.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. मग म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं." एवढंच. मी मान हलवली. माफी मागणाऱ्याला लगेच मोकळं करायची मला सवय नाही, पण फार वेळ उभं ठेवायचीही नाही.

गोळ्या मी पुढं घेतल्या नाहीत. हिरडी तशीच राहिली. पावसाळ्यात एकदा पुन्हा थोडं रक्त आलं, जाऊन साफ करून घेतलं, थांबलं. हा दात जन्मभर टिकेल असं मला कुणी सांगितलेलं नाही. स्क्रूचे दाताकडचे आटे हाडाबाहेर आले आहेत, ते फोटोत दिसतात. कधीतरी काढावा लागेलही. तेव्हा मी स्वतः जाऊन म्हणेन, काढा.

ओळखीच्या बाया आता गाडीत मला गोळीचं नाव विचारतात. कुणाच्या जावयाला, कुणाच्या भावाला स्क्रूवाला दात बसवलेला असतो. मी नाव सांगते, पण आधी विचारते, तो खर्रा खाते का? बहुतेक जणी म्हणतात, थोडासाच. मग मी सगळं सांगायला लागते आणि त्यांचा स्टॉप येतो. काहींचा स्टॉप जरा लवकरच येतो.

दर चार महिन्यांनी सफाईसाठी मी एक दिवसाची रजा टाकते. मागच्या वेळी डेपोतल्या साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, हे काय लिहिलं आहे? 'दाताच्या हिरडीची सफाई'. असं कोण लिहितं? खासगी काम लिहा."

"खासगी नाई साहेब. दिवसभर सगळ्या गाडीसमोर तोंड उघडतो मी."

"अहो, पण वर पाठवायचं असतं हे."

"पाठवा," मी म्हटलं. "वरच्यांनाबी हिरड्या असतीनच."

त्यांनी अर्ज दोनदा उलटासुलटा केला, शेजारच्या क्लार्ककडं पाहिलं, आणि सही केली.